उन्हाळ्यात चाललेले आणि पडलेले चित्रपट: पार्श्वभूमी

जून उजाडला, की उन्हाळ्यात कोणता चित्रपट चालला आणि कोणता पडला याची उजळणी कोल्हापुरात हमखास होते. हा हंगाम मुळात शाळांच्या सुट्टीपेक्षा पावसाने अधिक ठरवला. पाऊस सुरू झाला की तंबू टॉकीज गुंडाळावी लागे. त्यामुळे सुगीनंतर गाठीशी चार पैसे असलेली कुटुंबे ज्या चैत्र-वैशाखातल्या जत्रांना बाहेर पडत, तोच काळ फिरत्या सिनेमाच्या कमाईचा असे.

शहरातल्या प्रेक्षकाची गोष्ट थोडी वेगळी. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला तो याच गावातून, आणि प्रभात फिल्म कंपनीही १ जून १९२९ रोजी येथेच स्थापन झाली. (१९३३ मध्ये ती पुण्याला गेली, याची हळहळ अजून संपलेली नाही.) चित्रीकरण दारात पाहिलेल्या या प्रेक्षकाचा निकाल कडक असे, पण तो सावकाश लागे. एकच प्रिंट दोन टॉकीजना पुरवताना रिळांचे डबे सायकलवरून धावत, आणि पोस्टरवर ‘आठवडा ५ वा’ अशी पट्टी चिकटली, की चित्रपट चांगला यावर शिक्कामोर्तब होई. पहिल्या आठवड्यात रिकामा गेलेला चित्रपटही कर्णोपकर्णी सावरत असे.

पुढे २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि मोठे हिंदी निर्माते एप्रिल-मे टाळू लागले. २००९ च्या उन्हाळ्यात तर उत्पन्नाच्या वाटणीवरून निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स-मालक यांच्यात वाद पेटून नवे हिंदी चित्रपट सुमारे दोन महिने अडले; त्याच सुमारास, ३ एप्रिलला आलेल्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’ने मोकळ्या पडद्यांवर गर्दी खेचली. पण उन्हाळा मराठीचाही असू शकतो हे नि:संशय सिद्ध केले ते २९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या ‘सैराट’ने. त्याच दिवशी हिंदीतला ‘बागी’ही लागला होता, म्हणजे मैदान काही मोकळे नव्हते, तरी शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला.

तेव्हापासून महाराष्ट्र दिनाच्या आसपासची तारीख मिळवण्यासाठी मराठी निर्मात्यांची चढाओढ असते. निकाल मात्र आता शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांतच लागतो. त्यामुळे पडलेल्यांच्या यादीत खरोखर फसलेल्या चित्रपटांबरोबर, सकाळचा एकुलता एक खेळ मिळून पुढच्या गुरुवारच्या आत उतरलेले चित्रपटही सरसकट मोजले जातात.