जनरलओबर्स्ट की फील्डमार्शल?

दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा-सेनानी हाइन्झ गुडेरियन फील्डमार्शल होता असं कुणी ठोकून दिलं, तर ते साफ चूक. तो शेवटपर्यंत जनरलओबर्स्टच राहिला. या हुद्द्याचं ‘कर्नल-जनरल’ हे भाषांतर घोटाळा वाढवतं, कारण ‘कर्नल’ वाचून हा साध्या जनरलच्या खालचा वाटतो. जर्मनमध्ये ‘ओबर्स्ट’ म्हणजे कर्नल हे खरं, पण मूळ अर्थ ‘सगळ्यांत वरचा’. जनरलओबर्स्टच्या वर फक्त फील्डमार्शल.

फोटोंनीही फसायला होतं. खांद्यावर सोनेरी-रुपेरी दोऱ्यांचा पीळ आणि त्यावर तीन तारे दिसले, की आपण लेफ्टनंट जनरल म्हणून मोकळे होतो. पण जर्मनांकडे ब्रिगेडियर नव्हता. सगळ्यांत खालच्या मेजर जनरलच्या पिळावर ताराच नसे, त्यामुळे आपल्या हिशेबात एक तारा मिळवायचा. फील्डमार्शलच्या खांद्यावर ताऱ्यांऐवजी एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन दंड (मानाच्या काठ्या) असत.

खरा फरक मात्र तो हुद्दा मिळायचा कसा यात आहे. प्रशिया या जर्मन राज्यात फील्डमार्शलचा दंड रणांगणावर कमवायचा, लढाई जिंकून किंवा किल्ला सर करून, असा रिवाज होता. 1854 मध्ये राजाचा भाऊ विल्हेल्म याला बढती द्यायची होती, पण लढाई कुठे होती? मग त्याच्यासाठी जनरलओबर्स्ट हा नवा हुद्दाच काढला. हाच विल्हेल्म पुढे जर्मनीचा पहिला कैसर, म्हणजे सम्राट. म्हणजे हा हुद्दा जन्मला तो रिवाजातली पळवाट म्हणून!

पहिल्या महायुद्धात ही पायरी सर्रास वापरात होती. जर्मन सेनापती हिंडेनबुर्ग 1914 च्या ऑगस्टमध्ये, रशियाविरुद्धच्या टॅनेनबर्गच्या लढाईच्या सुमारास जनरलओबर्स्ट झाला आणि नोव्हेंबरअखेर फील्डमार्शल. पॅरिसवर चालून गेलेला सेनापती क्लुक मार्न नदीवर अडला आणि जनरलओबर्स्टच राहिला.

हिटलरनेही हा रिवाज धाब्यावर बसवला. आपला युद्धमंत्री ब्लोमबर्ग याला त्याने 1936 मध्ये, भर शांततेत फील्डमार्शल केलं. 19 जुलै 1940 ला, फ्रान्स पडल्यावर, एका दिवसात बारा जण केले. आणि रशियन वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याचा सेनापती पाउलुस याची गोष्ट तर विचित्रच. स्टालिनग्राडच्या वेढ्यात 30 नोव्हेंबर 1942 ला तो जनरलओबर्स्ट झाला आणि 30 जानेवारी 1943 ला फील्डमार्शल. ही बढती म्हणजे आत्महत्येचा आदेशच होता. फील्डमार्शल जिवंत शत्रूच्या हाती सापडत नाही, हा त्यामागचा हिशेब. (हिशेबही कच्चा: 1806 मध्ये म्योलेनडोर्फ हा प्रशियाचा म्हातारा फील्डमार्शल एर्फुर्टला फ्रेंचांच्या हाती सापडलाच होता.) पाउलुसने दुसऱ्याच दिवशी शरणागती पत्करली.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीने हे दोन्ही हुद्दे मोडीत काढले. पूर्व जर्मनीने जनरलओबर्स्ट ठेवला आणि 1982 मध्ये वर एक मार्शलचा हुद्दाही काढला. तो कुणालाच मिळाला नाही.