शपथ घेतली ना, मग थांबा की!

2020 च्या मे महिन्यात, कोविडच्या साथीत, नागपूरच्या त्या उन्हात, मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांमधले रेसिडेंट डॉक्टर पीपीई किट चढवून घामाने निथळत ड्युटी करत होते, तेव्हा पानठेल्यावरचा एक्सपर्ट म्हणायचा, "त्यात काय बे, शपथ घेतली ना त्यांनी!" आता गंमत अशी की डॉक्टरांच्या त्या फेमस शपथेत, प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटसच्या नावाच्या, साथीचा साधा उल्लेख नाही.

जुने काही मोठमोठे डॉक्टर साथीत सरळ गाव सोडायचे. 1665 च्या प्लेगमध्ये थॉमस सिडनहॅम लंडन सोडून गेला, आणि पुढे तोच इंग्लंडचा सगळ्यात नावाजलेला डॉक्टर ठरला, म्हणजे पळाला म्हणून करिअर काही बुडालं नाही. उलट 1348 मध्ये पोपचा डॉक्टर गी द शोलियाक आजच्या फ्रान्समधल्या आविन्योंमध्ये थांबला, त्याला स्वतःला प्लेग झाला, वाचला, आणि नंतर प्रामाणिकपणे लिहून गेला की बदनामीच्या भीतीने थांबलो. मला हा माणूस आवडतो.

इटलीतल्या शहरांनी मात्र भावनेत न पडता सरळ काँट्रॅक्ट केलं. 1479 मध्ये पाविया शहराने जोव्हानी दे व्हेंतुरा नावाच्या डॉक्टरला प्लेगसाठी नेमलं: महिन्याला 30 फ्लोरिन (तेव्हाचं चलन), दोन महिन्यांचा पगार ॲडव्हान्स, सामानासकट घर, आणि काम नीट केलं तर शहराचं नागरिकत्वही. बदल्यात प्लेगचे पेशंट बघायचे. जिवाची रिस्क आहे हे दोन्ही बाजूंनी आधीच मान्य केलेलं.

जीव धोक्यात आला तरी साथीत काम चालू ठेवायचं, हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1847 मध्ये आपल्या कोडमध्ये, म्हणजे आचारसंहितेत, लिहिलं. पण त्याच कोडमध्ये पेशंटची आणि समाजाची डॉक्टरप्रती कर्तव्यंही होती, ती आपण विसरतो. 1957 मध्ये कोड छोटा केला तेव्हा साथीचं वाक्य गळालं, अँटिबायोटिक्स आल्यावर साथी संपल्याच असं वाटत होतं ना! मग एड्स आला, काही डॉक्टर पेशंटला हात लावेनात, आणि 1987 मध्ये असोसिएशनला पुन्हा सांगावं लागलं की एचआयव्ही आहे म्हणून नाही म्हणता येणार नाही.

आपल्याकडे 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात आहे, संसर्गाच्या भीतीने साथीत कर्तव्य सोडू नये. डॉक्टरप्रती समाजाच्या कर्तव्याचं देशभराचं कलम यायला मात्र 2020 उजाडलं, साथीत डॉक्टरला गंभीर मारहाण केली तर सात वर्षांपर्यंत कैद, तीही 1897 च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून.