एकदिवसीय क्रिकेटमधील वेगवान गोलंदाजांची तुलना

एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील वेगवान गोलंदाजांचे मोजमाप मुख्यतः तीन आकड्यांवर होते. एका बळीमागे किती धावा मोजल्या ती सरासरी, एका षटकामागे किती दिल्या तो इकॉनॉमी रेट आणि एका बळीसाठी किती चेंडू टाकावे लागले तो स्ट्राइक रेट. हे आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. इकॉनॉमी आणि स्ट्राइक रेट यांच्या गुणाकाराला सहाने भागले की सरासरी निघते. म्हणूनच नुसत्या सरासरीवरून थोर कोण हे ठरवायला गेले की गफलत होते.

पाकिस्तानच्या वसीम अक्रम आणि वकार युनूस या जोडीत हे फार स्पष्ट दिसते. वसीमचे ३५६ सामन्यांत ५०२ बळी, सरासरी २३.५२. वकारचे २६२ सामन्यांत ४१६, सरासरी २३.८४. म्हणजे जवळपास बरोबरीच. पण वसीम षटकामागे ३.८९ धावा देई आणि त्याला बळीसाठी सरासरी ३६ चेंडू लागत. वकार ४.६८ धावा देई, मात्र साडेतीस चेंडूंतच गडी बाद करी. दहा षटकांचा हिशेब केला तर वसीम ३९ धावांत थांबतो आणि वकारच्या ४७ होतात, पण वकारच्या खात्यात बळी जास्त पडतात. धावसंख्या तोकडी असेल आणि समोरचा संघ बाद केल्यावाचून सुटका नसेल, तर वकार हाताशी हवा. वकारने एकदिवसीय सामन्यांत १३ वेळा डावात पाच किंवा अधिक बळी घेतले, ते काही उगाच नव्हे. सामना अटीतटीचा असेल आणि एकेक धाव अडवायची असेल, तेव्हा चेंडू वसीमकडेच द्यावा.

काळ बदलला की आकड्यांचा अर्थ बदलतो. वेस्ट इंडीजच्या जोएल गार्नरने ९८ सामन्यांत षटकामागे केवळ ३.०९ धावा दिल्या. १९७९च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर इंग्लंडची स्थिती २ बाद १८३ असताना त्याच्या यॉर्करनी (फलंदाजाच्या पायाशी टप्पा पडणाऱ्या चेंडूंनी) फळी कापली आणि इंग्लंडचा डाव १९४ धावांत आटोपला. गार्नरचे ३८ धावांत ५ बळी. त्याच्या काळात षटकामागे चार-साडेचार धावा म्हणजे ठीकठाक फलंदाजी मानली जाई. जसप्रीत बुमराहची इकॉनॉमी साडेचारच्या थोडी वर आहे, पण तो खेळतो त्या काळात षटकामागे सहा धावा ही नेहमीची बाब झाली आहे. त्या त्या काळातल्या सर्वसाधारण इकॉनॉमीपासून गोलंदाज किती खाली राहिला, हेच पाहायला हवे. तसे पाहिले तर बुमराह गार्नरच्या पंगतीत बसतो.

नियमांचाही मोठा वाटा आहे. ऑक्टोबर २०११ पासून प्रत्येक डावात दोन टोकांकडून दोन नवे चेंडू वापरले जाऊ लागले. पन्नास षटकांच्या अखेरीसही चेंडू जेमतेम पंचवीस षटके जुना होई आणि रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुना चेंडू हवेत नेहमीच्या उलट दिशेला वळवणे, जवळपास नाहीसा झाला. वसीम-वकार यांचे मुख्य हत्यारच पुढच्या पिढीच्या हातून गेले. जुलै २०२५ पासून ३४ षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू ठेवण्याचा नियम आला.

प्रतिस्पर्धी कोण आणि सामना कुठला, हे गोलंदाजाच्या पृथक्करणाच्या (षटके-निर्धाव षटके-धावा-बळी) ओळीत लिहिलेले नसते. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्राने २००३च्या विश्वचषकात १५ धावांत ७ बळी घेतले, ते नवख्या नामिबियाविरुद्ध. मोहम्मद शमीने २०२३च्या उपांत्य सामन्यात वानखेडेवर ५७ धावांत ७ बळी घेतले. त्या सामन्यात भारताने ३९७ आणि न्यूझीलंडने ३२७ धावा केल्या होत्या. कागदावर मॅकग्राचा आकडा सरस दिसतो, पण कामगिरी शमीचीच मोठी आहे.

एकाच डावातली षटकेही सारखी नसतात. २०११च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, वानखेडेवरच, झहीर खानने पहिली तीन षटके निर्धाव टाकली. त्याच्या सुरुवातीच्या पाच षटकांत ६ धावा आणि १ बळी होता. शेवटी आकडे झाले १०-३-६०-२, म्हणजे उरलेल्या पाच षटकांत ५४ धावा गेल्या. षटकामागे सहा धावांची ही इकॉनॉमी त्याच्या दोन्हीपैकी एकाही टप्प्याचे खरे चित्र देत नाही. डावाच्या टप्प्यांनुसार वेगळी आकडेवारी काढण्याची आजची पद्धत म्हणूनच अधिक न्याय्य आहे.

महाराष्ट्रात झहीर आणि अजित अगरकर यांच्यात सरस कोण यावरून होणारा वाद या सगळ्या कसोट्यांवर घासून पाहण्यासारखा आहे. श्रीरामपूरच्या झहीरचे २०० सामन्यांत २८२ बळी, मुंबईच्या अगरकरचे १९१ सामन्यांत २८८. अगरकरने १९९८ साली अवघ्या २३ सामन्यांत ५० बळी पूर्ण करून त्या वेळचा विक्रम केला. ‘अगरकर फार मार खातो’ ही तक्रार तेव्हा घरोघरी ऐकू येई. प्रत्यक्षात त्याची इकॉनॉमी ५.०७ आणि झहीरची ४.९३, म्हणजे दहा षटकांमागे दीड धावेचाही फरक नाही, आणि बळी मिळवायला अगरकरला झहीरपेक्षा सुमारे तीन चेंडू कमी लागत. झहीरची कारकीर्द २०१२ पर्यंत, धावांचा ओघ वाढलेल्या वर्षांत गेली आणि विश्वचषकांत त्याने ४४ बळी घेतले, त्यामुळे त्याचे पारडे जड राहते. पण अगरकरच्या वाट्याला आलेली हेटाळणी आकड्यांनी कधीच सिद्ध केलेली नाही.