खानदेशात दूरदर्शन केंद्र नव्हतं, प्रक्षेपण केंद्र होतं

जुन्या टॉवरचा फोटो फिरायला लागला की त्याखाली ठरलेला मजकूर येतो: ‘खानदेशचं दूरदर्शन बंद पडलं, आपला आवाज गेला.’ तो वाचून दरवेळी चीड येते. टॉवर बंद झाला हे खरं, पण त्या टॉवरवरून आपला आवाज कधी गेलाच नव्हता.

आकाशवाणी जळगाव सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे केंद्र म्हणजे काय हे फार सांगायला नको. तिथे स्टुडिओ आहे, निवेदक आहेत. केळी-कापसाचा सल्ला देणारा माणूस इथलाच असतो आणि अहिराणीत बोलणाऱ्यालाही माईक मिळतो. टीव्हीच्या बाबतीत असं काम करणारी दूरदर्शन केंद्रं महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूरला.

प्रक्षेपण केंद्राचा प्रकार वेगळा. 1983 मध्ये इन्सॅट-1बी उपग्रह गेला आणि पुढच्या काही वर्षांत देशभरातल्या गावांत लघुशक्ती प्रक्षेपक उभे राहिले, बहुतेक 100 वॅटचे. डिशवर दिल्लीचा कार्यक्रम उतरवायचा आणि मनोऱ्यावरून आसपासच्या टापूत पसरवायचा, एवढंच त्यांचं काम. कॅमेरा नाही, निवेदक नाही. तिथला तंत्रज्ञ यंत्र चालू ठेवायचा. काय दाखवायचं हे ठरवणं त्याच्या हातात नव्हतं. तापीला पूर आला तरी तो पडद्यावर दिसायचा तर बातमी आधी मुंबई-दिल्लीला पोचायला हवी.

दोन्हीकडे टॉवर, दोन्हीकडे सरकारी पाटी, म्हणून गल्लत होते. पण समाजावर काय परिणाम झाला हे सगळं या फरकावर ठरलं. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, वर्षभराने सिंहगडावरून पुण्याला ते दिसू लागलं. म्हणून ‘चिमणराव’, ‘गजरा’ यांच्या आठवणी ‘महाराष्ट्राच्या आठवणी’ म्हणून लिहिल्या जातात. त्या मुंबई-पुण्याच्या आहेत. आपल्याकडच्या बहुतेक घरांत टीव्ही आला तो राष्ट्रीय कार्यक्रम घेऊन, म्हणजे हिंदी घेऊन. जुलै 1984 मध्ये ‘हम लोग’ सुरू झालं, जानेवारी 1987 मध्ये ‘रामायण’. रविवारी सकाळी शेजारच्या ओसरीवर जमलेली गर्दी आपल्याही लोकांना आठवते. मुंबईचं मराठी प्रसारण उपग्रहावरून राज्यभर पोचलं ते नंतर.

म्हणजे पडद्यावर आधी दिल्लीची हिंदी आली, मग मुंबई-पुण्याची मराठी. अहिराणी आणि लेवा गणबोली घरातच राहिल्या. मुलांना वाटू लागलं की पडद्यावर बोलतात ती खरी भाषा आणि आजीची ती गावंढळ. शाळेनेही हेच शिकवलं, त्यामुळे सगळा दोष टीव्हीवर टाकणं चूक आहे. पण कानबाईचा उत्सव, आखाजीची म्हणजे अक्षय तृतीयेची गाणी यांना रोजच्या पडद्यावर जागा नव्हती, आणि त्याचं मोठं कारण हेच की इथे कॅमेरा घेऊन बसलेलं कुणी नव्हतं. बहिणाबाईंच्या आसोद्याला जायचं तरी टीव्हीच्या पथकाला बाहेरून यावं लागायचं.

अँटेना, केबल, डिश यांतला फरक मला इथे किरकोळ वाटतो. ते सिग्नल घरात येण्याचे मार्ग. कार्यक्रम कुठे बनतो यात त्यांनी काही बदललं नाही. 1999 नंतर खाजगी मराठी वाहिन्या आल्या, त्यांचेही स्टुडिओ बाहेरच.

दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसारभारतीने 2022 पर्यंत बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. आता त्या मनोऱ्यांसाठी निवेदनं देऊ नका, ते कार्यक्रम दूरदर्शनच्या मोफत ‘फ्री डिश’वर दिसतातच. निवेदन द्यायचंच असेल तर आकाशवाणी जळगावच्या स्थानिक कार्यक्रमांची वेळ वाढवा म्हणून द्या, आणि दूरदर्शनच्या सह्याद्री या मराठी वाहिनीवर अहिराणीचा नियमित कार्यक्रम हवा, तोही इथेच चित्रित केलेला, असं त्यात स्पष्ट लिहा.