आर्नोलचं ब्लॅकहाउस : धूर, दगड आणि खंड

स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस बेटावर आर्नोल हे गाव आहे. तिथलं ४२ क्रमांकाचं दगडी घर आज संरक्षित स्मारक आहे. घर तसं फार जुनं नाही. ते १९व्या शतकाच्या उत्तरार्धातलं, आणि १९६६ पर्यंत त्यात कुटुंब नांदत होतं. बांधणीची रीत मात्र कितीतरी जुनी. अशा घरांना ‘ब्लॅकहाउस’ म्हणतात.

या घराची खरी करामत भिंतीत आहे. भिंत दुहेरी : चुना न वापरता नुसते दगडावर दगड बसवून दोन थर रचलेले आणि मधल्या पोकळीत माती ठासलेली. कोपरे गोलाकार, त्यामुळे अटलांटिकचा वारा आपटत नाही, वळसा घालून जातो. छपराचे वासे भिंतीच्या आतल्या कडेवर टेकतात. म्हणजे वळचण नाहीच. उचकटायला वाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मग छपरावरचं पाणी? ते भिंतीच्या पोटात मुरतं. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण मधली माती ओलसर राहिली की फटी बुजतात आणि वारा आत शिरत नाही.

घराला धुराडं नाही. जमिनीवर मधोमध पीट (दलदलीतून कापून वाळवलेलं इंधन) जळत राही आणि धूर छपराच्या गवतातून वाट काढी. काजळी धरलेलं गवत उतरवून शेतात खत म्हणून टाकत. गुरंही त्याच छपराखाली. हिवाळाभर साठलेलं शेणखत वसंतात शेतात जाई. थोडक्यात, घर शेतीचंच एक अवजार होतं.

बाहेरच्यांना यात फक्त घाण दिसली. जमीनदार आणि आरोग्य अधिकारी धुराडं, खिडक्या, माणसं आणि गुरांमध्ये भिंत हवी म्हणून मागे लागले. गुरांपासून आडोसा हवा हे खरंच. पण खंडकऱ्याने पैसे घालायचे कशाच्या भरवशावर? जमिनीवरून कधीही हुसकावलं जाण्याची भीती होती. बेटावर झाडं जवळपास नाहीतच, त्यामुळे लाकूड इतकं मोलाचं की घर सोडताना लोक वासे सोबत नेत. १८८६च्या क्रॉफ्टर्स (खंडाने जमीन कसणारे छोटे शेतकरी) कायद्याने कसणाऱ्याला जमिनीची शाश्वती आणि सुधारणांची भरपाई मिळाली. पुढे चुन्यात बांधलेली, धुराड्यांची ‘व्हाइटहाउस’ वाढत गेली, ती काही आरोग्याच्या उपदेशानेच नव्हे.

४२ क्रमांकाच्या घरात आजही पीट पेटवलं जातं. गोठा मात्र रिकामा आहे, त्यामुळे हे जतन माझ्या मते अर्धंच.