तिथीची पाऊणपट आणि दोन कोज्यांची बेरीज

भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब कोकण किनाऱ्यावर फार पूर्वीपासून चालत आला आहे. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मुंबईच्या आसपास हा हिशेब बराचसा जुळतो, पण त्यात प्रत्येक तिथीला भरती सारखीच, म्हणजे पाऊण तासाने, पुढे सरकते असे धरलेले आहे, आणि समुद्र मात्र तसे वागत नाही. त्याचे कारण सरल आवर्त गतींच्या बेरजेत सापडते.

वर्तुळावर एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या बिंदूची व्यासावर पडणारी सावली ज्या रीतीने मागेपुढे होते, ती सरल आवर्त गती. सावलीचे मध्यापासूनचे अंतर हे त्रिज्या गुणिले फिरलेल्या कोनाची कोज्या (कोसाइन) इतके असते. या त्रिज्येला परमप्रसर म्हणतात आणि त्या कोनाला कला. समुद्राच्या पातळीत अशा अनेक गती मिसळलेल्या असतात. त्यांतल्या दोन मोठ्या गतींपैकी चंद्राची गती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते आणि सूर्याची बरोबर १२ तासांनी. मुंबईत पहिलीचा परमप्रसर साधारण १.२ मीटर आहे आणि दुसरीचा ०.५ मीटर.

या दोन गती मिळून किती होतात, याचे उत्तर १.७ असे नेहमीच येत नाही. १.२ लांबीचा बाण काढावा, त्याच्या टोकापासून, दोन्ही गतींच्या कलांमधल्या फरकाइतका म्हणजे कलांतराइतका कोन वळवून, ०.५ लांबीचा दुसरा बाण काढावा आणि आरंभबिंदूपासून शेवटच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. ते अंतर म्हणजे बेरजेचा परमप्रसर. दोन परमप्रसर अ आणि ब, आणि बेरजेचा र धरून सूत्रात लिहायचे तर र² = अ² + ब² + २अब × कोज्या(कलांतर). कलांतर शून्य असेल तर १.७ येतात, १८० अंश असेल तर ०.७, आणि ९० अंश असेल तर कोज्या शून्य होऊन शाळेतल्या ५-१२-१३ च्या काटकोन त्रिकोणासारखे १.३ मिळतात. पहिली स्थिती उधाणाची, म्हणजे सर्वांत मोठ्या भरतीची, दुसरी भांगाची, म्हणजे सर्वांत लहान भरतीची. उधाणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे ३.४ मीटरचा फरक पडतो, तर भांगाच्या दिवसांत तो जेमतेम १.४ मीटर उरतो.

सूर्याचा बाण तासाला ३० अंश फिरतो आणि चंद्राचा २८.९८ अंश, त्यामुळे चंद्राचा बाण रोज सुमारे २४.४ अंश मागे पडतो आणि १४.७७ दिवसांनी दोघे पुन्हा एका रेषेत येतात. पंधरवड्याचे उधाण ते हेच. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा अगदी जुळत आल्या, पण पुरत्या जुळल्या नाहीत, की आवाज संथपणे फुगत आणि ओसरत राहतो. तिथेही हेच गणित चालते, फक्त तिथे दिवसांऐवजी सेकंद मोजायचे.

आता पाऊणपटीकडे वळू. सूर्याचा बाण स्थिर धरला, तर चंद्राच्या बाणाचे टोक रोज सारखेच अंतर सरकते. पण भरतीची वेळ ठरते ती बेरजेच्या बाणाच्या दिशेवरून. उधाणात तो बाण १.७ लांब असतो, म्हणून टोकाच्या तेवढ्याच सरकण्याने तो थोडासाच, दिवसाला सुमारे १७ अंश वळतो आणि भरती रोज साधारण ३५ मिनिटांनीच लांबते. भांगाच्या सुमारास तोच बाण ०.७ इतका आखूड झालेला असतो, त्यामुळे तेवढेच सरकणे त्याला जवळजवळ ४२ अंश वळवते आणि भरती दिवसाला सुमारे ८५ मिनिटांनी पुढे जाते. पाऊणपट म्हणजे या दोन टोकांमधली ढोबळ सरासरी आहे, आणि केवळ तोंडी हिशेबात ती इतकी जवळ जाते याचे मला खरोखर कौतुक वाटते.

प्रत्यक्षातला समुद्र दोनच कोज्यांवर थांबत नाही. चंद्राचे पृथ्वीपासूनचे अंतर बदलते, तो विषुववृत्ताच्या उत्तरेला आणि दक्षिणेला जातो, आणि अशा प्रत्येक कारणापोटी आणखी एकेक पद बेरजेत येते. दिवसातून एकदाच येणाऱ्या पदांमुळे मुंबईत एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. १८७२ मध्ये विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी अशी दहा पदे एकत्र करणारे यंत्र आखले. त्यात प्रत्येक पदासाठी एक कप्पी आपापल्या आवर्तकालाने वरखाली होई, सगळ्या कप्प्यांवरून एकच तार जाई, आणि मूठ फिरवली की तारेच्या सुट्या टोकाला लावलेली लेखणी फिरत्या कागदावर येणाऱ्या दिवसांच्या भरती-ओहोटीची रेषा काढत जाई.