सणांचे बालमातीकाम (नाशिक)

नाशिक शहर व जिल्ह्यात घरच्या सणावारांसाठी मुले हाताने करतात ती मातीची कच्ची, न भाजलेली कामे. पोळ्याचे बैल, नागपंचमीचा नाग, हरतालिकेची वाळूची पिंड, नाताळची गव्हाण आणि अलीकडे शाडूचा गणपती ही त्यांतली ठळक. दुपारी मुले ज्याच्याशी खेळत होती, तेच संध्याकाळी पाटावर बसते आणि त्याला हळदकुंकू वाहिले जाते, हे या कामाचे वेगळेपण.

जिल्ह्यातील जमीन बहुतांशी बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली. तिची काळी माती पिकाला चांगली, पण मूर्तीला दगा देणारी : ओली असताना फुगते, वाळताना आकसते आणि तडकते. म्हणून जाणती माणसे मुलांना नदीकाठचा पोयटा (बारीक गाळ) किंवा कुंभाराकडची मळलेली माती आणून देतात. हरतालिकेची वाळू मात्र गंगेवरचीच हवी असते. गोदावरीला नाशिककर गंगा म्हणतात. जुन्या नाशकातील मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाण काळापासूनची, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे सोबत वापरली जात त्या काळापासूनची, खापरे निघाली. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत तर शिरोहीन स्त्रीमूर्तीसोबत मातीचा बैलही सापडला. त्यावरून पोळ्याची परंपरा थेट तिथपर्यंत नेण्याचा मोह काहींना होतो; मधल्या काळाचा दुवा हाती नसताना तो आवरलेला बरा.

मुलांचे खरे काम पोळ्याचे. श्रावण अमावस्येला ज्यांच्या दारी बैलजोडी नाही, त्यांच्याकडे मातीचे बैल पुजतात. पूर्व विदर्भातल्या तान्ह्या पोळ्यात मुले लाकडी नंदी ओढत दारोदार जातात. नाशिककडे बैल मातीचा आणि तो घरातच राहतो. बैल वळायची रीत पाहून पाहून येते. ओंजळीत मावेल एवढा गोळा लांबट करायचा आणि पाय वेगळे चिकटवण्याऐवजी त्याच गोळ्यातून ओढून काढायचे. चिकटवलेला पाय वाळला की सांध्यावर सुटतो. पाय बारीक झाले तर तासाभरात ‘बैल बसला’ अशी ओरड होते, मग पोटाखाली मातीचा टेकू. वशिंड चिमटीने वर घ्यायचे, शिंगे सर्वांत शेवटी, आत खराट्याची काडी घालून. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे. हे सारे ऐन पावसाळ्यात चालते, त्यामुळे बैल लवकर वाळत नाहीत. उन्हाची तिरीप आली म्हणून घाईने अंगणात ठेवले, तर पाठीवर चीर जाते. वाळल्यावर गेरू, चुना, सुतळीची वेसण, चिंधीची झूल आणि समोर पुरणपोळी.

नागपंचमीच्या कामाला एक अट आहे. त्या दिवशी जमीन खणू नये, नांगरू नये असा रिवाज असल्याने माती आदल्या दिवशीच आणून ठेवावी लागते. विसरलेल्या घरात मग पाटावर चंदनाने नाग काढतात. भाद्रपद शुद्ध तृतीयेला, हरतालिकेच्या पूजेसाठी, मुली आईसोबत वाळूची पिंड रचतात. दिवाळीतील किल्ला हा पूजेचा भाग नव्हे, पण हात तेच. दगडांवर गोणपाट टाकून चिखल लिंपायचा आणि वर हळीव, मोहरी पेरायची. रामशेज किंवा साल्हेर जिल्ह्यातच असले, तरी मुलांच्या किल्ल्याला बहुधा नाव रायगडाचेच मिळते.

नाशिकच्या शरणपूर भागात आणि नाशिकरोडला जुनी ख्रिस्ती वस्ती आहे. नाताळच्या देखाव्यातील गव्हाण, मेंढरे आणि मागी (बाळ येशूच्या भेटीला आलेले ज्ञानी पुरुष) मुले मातीची करतात. पोळ्याचे बैल बघून सरावलेल्या हातून बेथलेहेमच्या बैलालाही वशिंड येते, आणि कोणी ते काढायला सांगत नाही. बौद्ध घरांतील मुलांना स्तूप सोपा जातो : अर्धगोल, त्यावर हर्मिका (चौकोनी कठडा), वर छत्र. नमुना पाहायचा तर त्रिरश्मी लेण्यांतील चैत्यगृह शहरालगतच आहे. मुस्लिम घरांत सजीवांच्या आकृती करण्याबाबत संकोच असल्याने शाळेच्या मातीकामात तिथली मुले घुमट, मिनार, चंद्रकोर निवडतात. शिक्षकाने सगळ्या वर्गाला एकच मूर्ती करायला लावू नये, हे त्यावरून कळावे.

गणपती पूर्वी मुलांच्या वाट्याचा नव्हता. मूर्ती कारखान्यातून पाटावर यायची आणि मुलांना मिळायचा तो उरलेल्या मातीतला उंदीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणाऱ्या सुधारित सूचना काढल्या. त्याच्या आधीपासून सुरू झालेल्या शाडूच्या कार्यशाळांना त्यामुळे जोर आला. आज शाळा, सोसायट्या आणि वाचनालयांत मुले शेपाचशे ग्रॅमचा गोळा घेऊन सोंड वळताना दिसतात. सोंड तडकू नये म्हणून मातीत कापूस मळतात. याच काळात बैल मात्र बाजारात गेला : रंगवलेली जोडी हातगाडीवर आयती मिळते, तेव्हा वळत बसतो कोण? देव मुलांच्या हाती आला आणि बैल सुटला, ही अदलाबदल फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. कार्यशाळेतला गणपती ठरल्या वेळेत, ठरल्या पायऱ्यांनी होतो. बैलाला मोठ्यांचे लक्ष नसे, म्हणून तो वाकडा होई. पण हात त्यातूनच तयार होत.

शाडू स्थानिक नाही, ती मुख्यतः गुजरातेतून येते. म्हणून काही घरांत मूर्ती बादलीत विरघळवतात, पाणी निथळून गाळ सावलीत सुकवतात आणि पुढच्या वर्षासाठी ठेवतात. तैलरंग किंवा चकाकी लावलेली माती अशी परत वापरता येत नाही, त्यामुळे रंगाला गेरू, हळद आणि चुना यांवरच भागवावे लागते.